फाटक्या कानाची घोडी

उद्या थडगी सजवायचा रविवार, म्हणून व्हर्ना कागदी फुलं मेणात बुडवत बसली होती. तेवढ्यात तिचा भाचा ओडेल अभिलेखागारातले सैनिकी कागद घेऊन आला.

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानं टेनेसीच्या त्या डोंगरांत घरंच्या घरं दुभंगली होती. व्हर्नाचे पणजोबा एसा उत्तरेच्या घोडदळात गेले, त्यांचा धाकटा भाऊ लाइज दक्षिणेच्या. एसा शत्रूची एक फाटक्या कानाची घोडी घेऊन परतले. लाइज परतलाच नाही. पुढं घोडी मेली तेव्हा घरच्या दफनभूमीत तिलाही कोपरा मिळाला, आणि दरवर्षी फुलंही.

"आत्या, दक्षिणेचे स्वार घरचाच घोडा न्यायचे. त्याचं वर्णन लिहून ठेवायचे." ओडेल अडखळला. "लाइजची घोडी करडी होती. डावा कान फाटलेला."

"मग? फाटक्या कानाची काय एकच घोडी होती जगात?" व्हर्ना फणकारली. "चार बुकं शिकलास म्हणून पणजोबांच्या तोंडाला काळं फासायला निघालास होय रे?"

ओडेलनं कागद तिच्यापुढं सरकवला. व्हर्नाची बडबड मात्र थांबेना. "अरे, गोळीबार थांबला आणि एसांनी झाडीतून शीळ घातली. एकच! रिकाम्या खोगिराची ती घोडी धावत त्यांच्यापाशी आली. शत्रूची असून! असा माणूस होता तो, असा..."

तिचा हात मेणावरच थांबला. ही फुशारकी ती लहानपणापासून मारत आली होती.

"ओडेल," ती हळूच म्हणाली, "परक्या घोडीला कुणी शीळ घालतं का रे?"