अठ्ठ्याऐंशीचा बिल्ला

वारसा खात्याच्या मॅडमने अठ्ठ्याऐंशी नंबरची बत्ती वजनकाट्यावर ठेवली, आकडा पाहिला, बत्ती उचलली आणि पुन्हा ठेवली.

"काका, ही एकशे ऐंशी ग्रॅमने हलकी आहे."

"जुनी आहे," बत्तीमास्तर म्हणाला. "झिजली असेल."

"चौतीस वर्षं नुसती कप्प्यात बसून? आणि झिजायचंच होतं तर बाकीच्या का नाही झिजल्या?" ती हसली आणि वहीत काहीतरी टिपलं.

मास्तरने खुर्ची उगाचच थोडी मागे सरकवली. याच खुर्चीत, याच खिडकीशी बसून त्याने खाण बंद पडेपर्यंत बत्त्या दिल्या-घेतल्या होत्या. मग गाव ओस पडलं. पुढे सरकारला त्या ओसाडीत वारसा दिसला आणि त्याला शोधून पुन्हा इथेच आणून बसवलं गेलं. अंगात नवा कोट होता, मुद्दाम काळा-मळकट करून दिलेला. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत आणि त्याच्यासमोरच एकमेकांना विचारत, "हा खरा आहे का गं?"

पण खरी शोभा त्याच्या पाठीमागच्या फळ्याची. दोनशे सोळा खिळे, प्रत्येकावर एक पितळी बिल्ला. खाली उतरताना माणूस आपला बिल्ला खिशात घाली आणि वर आला की मास्तरच्या हातात देई. त्याच्या बत्तीवरही तोच नंबर. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. असा पुरा फळा आता कुठेच उरलेला नाही, असं मॅडमचं म्हणणं होतं. परवा वारसा दर्जासाठी पाहणी समिती येणार होती, आणि सगळी भिस्त या फळ्यावर होती.

गाइड रोज चार वेळा इथे उभा राहून सांगे, "छत कोसळलं त्या दिवशीसुद्धा हा फळा भरलेला होता. एक जीव गेला नाही! हां, एक माणूस मात्र गेला. अठ्ठ्याऐंशी नंबर. बायकोला सोडून, त्याच गडबडीत पसार!" लोक हसत. गावात कुणी घर टाकून गेला, तर अजूनही 'त्याने अठ्ठ्याऐंशी केलं' म्हणत. मॅडमला ते भलतंच आवडलं होतं. मौखिक वारसा म्हणून पाटीवर घ्यायचं ठरलं होतं.

ती बायको म्हणजे मास्तरची धाकटी बहीण. आत्ता ती दारात फरशी पुसत होती. सकाळी फरशी आणि दुपारनंतर बाहेरच्या फाटकावर बसणं, ही तिची कामं. पाहुण्यांना आत येताना प्लास्टिकचा बिल्ला मिळे, तो जाताना ती परत घेई. एखादा बाप सगळ्या घरादाराचे बिल्ले एकदम पुढे करी, तेव्हा ती हात मागे घेई. "ज्याचा त्याने द्यायचा. तोंड बघून घेते मी." लोकांना ती गंमत वाटे.

"हे बघा," मॅडम भिंग धरून म्हणाली. "बाकी बत्त्यांवरच्या इंग्रजी आठाचं वरचं पोट लहान आहे. हिच्यावर दोन्ही सारखी. हा आठ नाहीच. आठाचा ठसा सापडला नसावा, शून्याचा एकाखाली एक मारलाय. आधीचा नंबर घासून काढलाय, म्हणजे बत्तीच दुसरी." तिच्या आवाजात कोडं सुटत आल्याचा निखळ आनंद होता. "ठसे कुणाकडे असायचे, काका?"

"बत्तीघरात."

"हो, पण कुणाकडे?"

"माझ्याकडे."

फडक्याचा आवाज थांबला.

"थांबा हं, कॅमेरा आणते," म्हणत मॅडम कार्यालयाकडे गेली.

बहीण उठून आत आली. ओले हात तिने अंगातल्या कामाच्या कोटाला पुसले.

"दादा, त्यांची बत्ती कुठंय?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिला. "भोंग्यानंतर बिल्ला आला तर अर्ध्या पाळीची मजुरी बुडायची. म्हणून पुढचा मागच्यांचे बिल्ले घेऊन यायचा. सगळेच करायचे गं. त्या दिवशी एकाने पाच आणून दिले. मी लावले."

"तोंडं न बघता."

"सगळेच करायचे."

"बत्ती विचारतेय मी."

"बत्ती कशी देईल कुणी दुसऱ्याकडे? अंधारात चालायला लागते. चौघांच्या आल्या. छत बसलं तेव्हा साहेबाने फळा बघितला. म्हणाला, भरलाय, सगळे वर. त्याची नाही आली ते संध्याकाळी मोजताना कळलं. वाटलं, घेऊन तसाच घरी गेला असेल."

"मी सकाळी आले होते विचारायला. इथंच, या खिडकीशी."

"हो."

"तेव्हा कप्प्यात बत्ती होती. तू दाखवलीस मला. म्हणालास, हे बघ, जमा आहे. भांडून गेलाय, येईल चार दिवसांत."

मास्तरने कोटाचं बटण लावलं, काढलं.

"भिंत कधी घातली त्या बोगद्याला?"

"तिसऱ्या दिवशी."

ती बोटांवर काहीतरी मोजत असल्यासारखी उभी राहिली. दोन बोटांवर थांबली.

"तू पण हसायचास," ती म्हणाली. "लोक अठ्ठ्याऐंशी म्हणायचे तेव्हा. माझ्या पोरीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, तेव्हासुद्धा हसलास."

"न हसून काय करणार होतो?"

पाहुण्यांना अडवणारी दोरी ओलांडून ती फळ्याकडे गेली. नंबर शोधावा लागला नाही. बिल्ला काढला, आपल्या कोटाच्या खिशात टाकला आणि खिशावर हात दाबून धरला.

मॅडम कॅमेरा घेऊन परतली ती दारातच थांबली. "मावशी! त्याला हात नका लावू, परवा समिती..."

"एक कमी लिहा, मॅडम."

"म्हणजे?"

"दोनशे पंधरा वर आले. एक खाली आहे. यांना विचारा, यांनीच लावला होता."

मॅडमने मास्तरकडे पाहिलं, मग काट्यावरच्या बत्तीकडे. हुशार पोर होती, तिला फार वेळ लागला नाही. चेहरा उतरला. रिकाम्या खिळ्यावर नजर ठेवूनच ती हळू म्हणाली, "खरं तर... समितीच्या दृष्टीने हे उलट जास्त..." आणि स्वतःचंच वाक्य ऐकू आल्यासारखी गप्प झाली.

बहिणीने बादली उचलली.

दुपारी गाइडने फळ्यापुढे नेहमीचा विनोद केला. त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. लोक हसले. मास्तरबरोबर फोटो काढले.

संध्याकाळी पाहुण्यांची शेवटची बस गेल्यावर मास्तर फाटकाशी आला. नोकरमाणसांनाही प्लास्टिकचा बिल्ला असे. रोज तो चालता चालता पेटीत टाकी, बहीण पेटीला कुलूप घाली आणि दोघं बरोबर घराकडे निघत. आज तो पोचला तेव्हा ती कुलूप घालून उठली होती.

त्याने बिल्ला पुढे केला. "माझा राहिला."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ज्याचा त्याने दिला की बघे तसं, नीट.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तो आत असतानाच फाटक ओढून घेऊन एकटीच उताराला लागली.