दातवाल्यांच्या गाडीचा ब्रेक

माणूस गॅरेजात येऊन गाडीबद्दल जे सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं, स्वतःबद्दल जे सांगतो ते त्याहूनही कमी. बारा वर्षं मी दिराच्या गॅरेजात खिडकीशी बसून गाड्यांच्या कामाची कार्डं भरते. कोण दार आपटतो, कोण बायकोवर ढकलतो, कोण ‘आपोआप झालं’ म्हणतो, सगळं मला तोंडपाठ.

त्या दिवशी दातवाले आले. दोन गल्ल्या सोडून त्यांचा दवाखाना. नवी गाडी घेतली होती, इतकी बुटकी की आत बसताना माणसानं मोठेपणा बाहेर ठेवावा. दातवाले तो मांडीवर घेऊन बसायचे.

“यातलं एबीएस काढून टाकायचंय,” ते म्हणाले.

भाऊजी हात पुसत बाहेर आले. “डॉक्टर, लोक ते बसवून मागतात.”

“लोकांना गाडी चालवता येत नाही.”

“जोरात ब्रेक मारला की चाक जाम होतं आणि गाडी घसरत जाते. एबीएस सेकंदात कितीतरी वेळा चाक धरतं नि सोडतं, म्हणून गाडी तुमच्या हातात राहते. ते काढलं की हे धरणं-सोडणं तुमच्या पायाला करावं लागेल.”

“तेच तर हवंय! शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी मी चालवायची का गाडीनं मला?”

“आणि रस्त्यावर?”

“रस्त्यावर मी हळूच जातो हो.”

हे वाक्य मी मनात पेन्सिलीनं लिहिलं. पेनानं लिहिण्याजोगं नव्हतं.

भाऊजी तीनदा नाही म्हणाले. पहिलं ‘नाही’ चोख होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी बॉनेट उघडलं. तिसऱ्या वेळी ब्रेकच्या नळ्या कुठून वळवता येतील ते बोटानं हवेत काढून दाखवलं, तेव्हाच मी कोरं कार्ड पुढे ओढलं. असं अवघड काम गावात दुसऱ्या कुणाला जमणार नाही, एवढं कुणी म्हणालं की आमचे भाऊजी विरघळतात. दातवाल्यांनी ते नेमकं म्हटलं. दाढ काढणाऱ्याला कुठे पकडायचं ते कळतंच.

“गाडी आणखी कोण चालवतं?” मी विचारलं. कार्डावर तो रकाना आहे.

“फक्त मी.”

सीट स्टिअरिंगला चिकटवलेली होती आणि दातवाले सहा फूट. तिथेही पेन्सिल.

काम आठ दिवस चाललं. एबीएसचा डबा निघाला, नव्या नळ्या आल्या आणि गिअरजवळ दातवाल्यांच्या हट्टानं एक नॉब बसला. ब्रेकचा जोर पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती, हे त्या नॉबवर ठरायचं. पुढे फिरवला की पुढची चाकं आधी जाम होतात, गाडी नाकासमोर घसरते. मागे फिरवला तर मागची आधी जाम होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. डबा होता तोवर हे सगळं डब्यातल्या डब्यात मिटत होतं.

आमच्याकडे रिवाज आहे. ब्रेकचं मोठं काम झालं की मागच्या पटांगणात पाणी मारायचं, गाडी चालवणाऱ्याला बसवायचं, भाऊजी शेजारी, आणि कचकन ब्रेक मारायला लावायचं. घसरणं म्हणजे काय ते अंगाला कळल्याशिवाय किल्ली मिळत नाही. मग कार्डावर ‘चाचणी’च्या चौकोनात बरोबरची खूण.

शनिवारी दुपारी दातवाल्यांच्या ऐवजी त्यांची बायको आली. हसतमुख, बुटकीशी. सीटचा हिशेब जागच्या जागी लागला.

“हे म्हणाले पेशंट आहेत, तूच घेऊन ये.”

“काय काम केलंय ते सांगितलं का?” मी विचारलं.

“सर्व्हिसिंग ना?”

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी छताकडे पाहत होते, जणू तिथे काही गळत होतं.

“मॅडम, जरा मागे चला,” ते अखेर म्हणाले.

मी खिडकीतून बघत होते. पहिल्या खेपेला बाईंनी ब्रेक दाबला तशी गाडी सरळ घसरत गेली आणि रचलेल्या टायरांवर जाऊन टेकली. उघड्या काचेतून त्यांचा आवाज आला, “मी स्टिअरिंग फिरवतेय हो दादा, ही ऐकतच नाही!” मग भाऊजींनी जागा बदलली. नॉब मागे फिरवला नि म्हणाले, “आता हे बघून ठेवा. घरी सांगायला बरं पडेल.” गाडी क्षणात उलटी फिरली आणि आली त्या दिशेला तोंड करून थांबली.

बाई उतरल्या त्या दाराला धरून. चेहऱ्यावरचं हसू कुणी पुसून घेतल्यासारखं.

“मी यात बसणार नाही. त्यांनाही बसू देणार नाही.”

“तुम्ही फक्त त्यांना इथे पाठवा,” भाऊजी म्हणाले. “नॉब असाच ठेवतो. त्यांनाही असंच फिरवून काढतो, मग आपण होऊनच म्हणतील, डबा परत बसवा.”

“ते कुणाचं ऐकतात का, दादा?”

“माझं नाही ऐकलं तरी चालेल. गाडीचं ऐकतील.”

बाई टॅक्सीनं गेल्या. मी कार्ड ओढलं आणि ‘चाचणी’च्या चौकोनात खूण केली. चाचणी झालीच होती. चौकोन एकच आहे.

दुपारनंतर भुरभुर सुरू झाली. सहाच्या सुमाराला भाऊजी नळीचा एक जोड आणायला बाजारात गेले. मला काही सांगून गेले नाहीत. कार्ड आहे म्हटल्यावर आमच्याकडे कुणी कुणाला काही सांगत नाही. हा शिरस्ता मीच लावलेला आणि मिरवलेला.

सहाला खिडकीशी झुंबड असते. एकाचं बिल चुकलं होतं, एकाची काच वर जात नव्हती, एकजण नुसताच ओरडत होता. त्यात दातवाले आले, भिजलेले, चालत.

“घरी महाभारत झालंय,” ते हसत म्हणाले. “बायको म्हणते हात लावायचा नाही गाडीला. म्हटलं, कुणी हिरावून घ्यायच्या आत घेऊन जावी. राहिलंय का काही?”

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कार्डाकडे पाहिलं. सगळे चौकोन भरलेले.

“काही नाही,” म्हटलं, आणि किल्ली दिली.

भाऊजी दहा मिनिटांनी परतले. रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले.

“दातवाले घेऊन गेले?”

“हो.”

“चाचणी कुणी घेतली?”

“दुपारीच झाली की... बाईंची.”

“वहिनी, नॉब मागे आहे.”

मी दातवाल्यांना फोन लावला. वाजत राहिला. भाऊजींनी लावला, तोही वाजत राहिला. दातवाले गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी छाती फुगवून सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं.

भाऊजी मोटारसायकल काढून त्यांच्या मागे गेले. मी कार्डावरचा घरचा नंबर लावला. बाईंनी उचलला.

“ते निघालेत,” मी म्हटलं. “गाडी घेऊन. किल्ली मी दिली.”

“किती वाजता?”

“दहा मिनिटं झाली. पंधरा.”

“म्हणजे पेट्रोल पंप मागे पडला असेल.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “आता शाळेचा उतार. खाली सिग्नल आहे. तुम्ही फोन ठेवू नका हं.”

“नाही ठेवत.”

माझ्याकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यांच्याकडे कुठेतरी नळ ठिबकत होता. समोर काचवाला काहीतरी विचारत होता; मी हातानं त्याला थांबवलं. तो थांबला.

“सिग्नलपासून घर तीन मिनिटं,” बाई म्हणाल्या. त्या खिडकीशी गेल्या असाव्यात. पडद्याची कडी सरकली.

“गाडीचा आवाज येतोय,” त्या म्हणाल्या.

मी श्वास सोडला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ही दुसरीच कुणाची.”