गुलंदामची लादी

उस्ताद बहमनयारनं चाळीस वर्षांत किती चेहरे रंगवले असतील, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आमच्या काशान शहरातल्या निम्म्या भिंतींवरच्या लाद्यांत त्याचीच माणसं बसली होती. चंद्रासारखं गोल तोंड, बारीक डोळे, इवलीशी जिवणी. शहाजादा असो की मोळीविक्या, बाई असो की बाप्या, तोंड तेच. गिऱ्हाइकालाही तेच हवं असायचं, आणि उस्ताद तर म्हणायचा, झोपेतसुद्धा काढून दाखवतो. केवढा तोरा होता त्याला या गोष्टीचा!

त्या उन्हाळ्यात त्याची एकुलती एक लेक गुलंदाम तापानं गेली. सोळा वर्षांची पोर. तिचा चाळिसावा दिवस उरकला तेव्हा कुठे त्याच्या बायकोनं, दौलतनं, तोंड उघडलं.

"अहो, जगाची तोंडं काढलीत. माझ्या लेकीचं एक काढून द्या. मी विसरायच्या आत."

त्यानं चांदणीच्या आकाराची, डाग नसलेली पांढरी लादी निवडली. कुंचला टेकवला आणि हात आपसूक फिरला. गोल तोंड, बारीक डोळे. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच बाहुलं. आठ दिवस तो कारखान्याचं दार लावून बसला होता. नाक जरा लांबवावं म्हटलं, तर हात मध्येच सवयीच्या वळणाला लागायचा. शेवटी त्यानं स्वतःची समजूत घातली की लादी भट्टीच्या धुरातून निघाली, सोन्यासारखी चमकली, की पोर येईल ओळखू. कसलं काय!

भट्टी उघडल्यावर काजळी पुसून त्यानं लादी बायकोच्या मांडीवर ठेवली. शेजारपाजारचे येऊन वाहवा करून गेले. दौलतनं ती बराच वेळ उन्हात धरली.

"सुरेख आहे," ती म्हणाली. "कोण ही?"

बहमनयार चरफडला. आधी रंगाला बोल लावला, मग भट्टीला. लेकीला आठवावं म्हणून त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढेही लादीवरचीच पोरगी येत होती. पोटच्या पोरीचा चेहरा त्याच्यापाशी उरलाच नव्हता.

"दौलत," तो काकुळतीला आला, "कशी दिसायची गं ती? तू सांग, मी पुन्हा काढतो."

दौलतनं लादी पालथी करून त्याच्या पुढ्यात सरकवली.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "सांगितलं की तुम्ही काढणार. मग मलाही हीच दिसायला लागेल."