नदीअलीकडचा ठिपका

संग्रहालयात ती नकाशे रंगवायची. कुठला पतंग कुठवर राहतो, तेवढा भाग फिकट हिरवा. पंखांवर चार डोळे असलेल्या चारडोळ्याचा हिरवा रंग नदीपाशी थांबे. नदीच्या अलीकडे एकच ठिपका होता, तिच्या बाबांचा. बाबा पूर्वी याच संग्रहालयात पतंग टाचायचे. ती जन्मली त्या दिवशी म्हणे घराच्या भिंतीवर चारडोळ्या बसला होता. पकडायचं सोडून बाबा बाळाकडेच बघत बसले! पुरावा नाही, तेव्हा ठिपका पुसायचा, असं आता साहेबांनी सांगितलं. तिलाही ती बाबांची गोड थापच वाटायची. पण ती ठिपका पुसणार हे कळल्यापासून बाबांनी जेवण टाकलं आणि तिच्या जिवाला घोर लागला.

तिने नदीपलीकडून एक कोष आणला. त्यातून मादी निघाली. मादीच्या वासावर नर लांबून येतात. एक जरी आला, तरी बाबा खरे ठरणार होते. मादीला तोंडच नसतं, जेमतेम आठवडाभर जगते. बाबांना तोंड होतं, पण तेही जेवेनात. जाळीचा पिंजरा गच्चीत टांगून लांब बसायचं, अशी रीत. बाबा कसले ऐकतात! पिंजरा मांडीवर घेऊन दिवसभर मादीशी गप्पा.

"बाबा, वास स्वेटरला लागेल."

"लागू दे की. तू तान्ही असताना तुझा नव्हता लागत?"

मादी थकत चालली. एका दुपारी ऊनही पेंगुळलं, बाबाही. तिने पिंजरा अलगद उचलून दोरीला टांगला. तेवढ्यात एक करडं पाखरू डुलत आलं, पिंजरा सोडून थेट बाबांच्या स्वेटरवर बसलं. पंखांवर चार डोळे. तिने औषधाची बाटली उचलली. पतंग मारून टाचला की ठिपका पक्का.

बाबांनी डोळे उघडून झाकणावर हात ठेवला.

"दिसला ना तुला?"

"दिसला, बाबा."

"मग झालं. साहेबांचं काय घेऊन बसलीस? मी तुझ्यावर रुसलो होतो."

तिला रडूच फुटलं. आपला विश्वास नव्हता, हे बाबांना इतकी वर्षं माहीत होतं. तिने पिंजऱ्याचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी तिने ठिपका पुसला. घरी आली तर गच्चीच्या भिंतीवर इवलीशी अंडी होती, आणि बाबा ताटं मांडून बसलेले.

"हात धुऊन ये लवकर," ते म्हणाले, "भूक लागलीय."