ह्यांच्या नावाने माझी लघवी

आमच्या ह्यांचं डोकं नको तिथे फार चालतं. काचेच्या कारखान्यात कच्चा माल मिसळायच्या शेडमध्ये ते कामाला आहेत. तिथल्या पांढऱ्या भुकटीत सोमल असतं, डॉक्टर त्याला आर्सेनिक म्हणतात. शेडमधल्या एकाचे तळहात काळे पडून सोलायला लागले, तेव्हा मॅनेजरांनी सगळ्यांची लघवी लॅबला पाठवायची ठरवली. ज्याच्या लघवीत सोमल निघेल त्याला घरी बसवणार, अशी कुजबुज होती. हे घाबरून अर्धे झाले. सकाळी बाटली माझ्यापुढे धरून म्हणाले, तुझीच दे, तू कुठे कारखान्यात जातेस.

मी आधी हसले, मग चिडले, आणि शेवटी दिली. घर ह्यांच्याच पगारावर चालतं, नाही कशी म्हणणार?

रिपोर्ट आला त्या दिवशी हे घरी येऊन चपलेसकट खाटेवर बसले. सोमल प्रमाणाबाहेर होतं. मी म्हटलं, लॅबवाल्यांनी काहीतरी घोळ घातला असेल. हे नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले. ह्यांचे कामाचे कपडे मीच धुते. आधी मागच्या दारात झटकते, तेव्हा सगळी भुकटी नाकातोंडात जाते. बोटांना मुंग्या यायच्या, ते साबणामुळे असेल असं मी धरून चालले होते. राग असा आला की ह्यांना धरून बदडावं. आणि माझ्यात एवढं, तर ह्यांच्यात किती असेल?

खात्रीसाठी लॅबने दुसरा नमुना मागितला होता. ह्यांनी खिशातून नवी बाटली काढली.

"ह्या वेळी धाकटीची देऊ," म्हणाले. "एवढीशी पोर. तिच्यात काय असणार?"

धाकटी ह्यांच्या मांडीवरच होती. हे कामावरून आले की ती त्यांना कपडेही बदलू देत नाही, तशीच बिलगते. आत्ताही शर्टाची कॉलर तोंडात घालून चोखत होती.

मी तिला ओढून कडेवर घेतलं.

"देऊ," मी म्हटलं. "पण तिच्या नावाने."

उद्या मॅनेजरांना सगळं खरं सांगा, नोकरी गेली तर गेली, असंही सुनावलं. पोरीने भोकाड पसरलं, बाबा हवेत म्हणून. ह्यांनी तिला घ्यायला हात पुढे केले, आणि स्वतःच्या बाह्यांकडे बघून मागे घेतले.