हिरामणची अट

हिरामणने अट घातली तेव्हा त्याला वाटलं होतं, आता बायको गप्प बसेल. पण सीताबाईला गप्प बसवणं तिच्या बापालाही जमलं नव्हतं. खाडीतली रेतीची कामं थांबली तशी त्यांची होडी अंगणात पालथी पडली. पूर्णा गावातली जमीन गोदामांना भाड्याने गेली, घरात पैसा आला, पण हिरामणने होडीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. हायवेवरच्या एका ढाब्याला दारात शोभेसाठी ती द्यायचंही त्याने ठरवलं. तेवढ्यात कामवारी नदीवर सोंगं घेऊन होड्यांची फेरी निघणार असं कळलं, आणि सीताबाईने होडी मागितली.

"बाहेरच्या कोनाची मदत न घेता घाटाला लावलीस, तर होडी तुजी," हिरामण म्हणाला. "न्हाय तर ढाब्यावर."

"कबूल," म्हणून ती लगेच होडीच्या फटी बुजवायला डांबर आणायला गेली.

फेरीच्या सकाळी ती, सून भाविका, शेजारच्या ठकुबाई आणि राहीबाई, चौघींनी हळदीच्या रात्री बायका करतात तेच सोंग घेतलं: धोतर, फेटा, काजळाच्या मिशा. सुकाणू अर्थातच सीताबाईकडे. पुढच्या होडीत यंत्रमागावर काम करणारी लूमवाली पोरं कापडाच्या ताग्यांत स्वतःला गुंडाळून बसली होती. सगळे तयार, पण पाहुण्यांची भाषणं काही संपेनात. ओहोटी लागली होती आणि पाहुण्यांना अजून नदीचं महत्त्व सांगायचंच होतं. खाडीकाठी जन्मलेल्या बाईने हे बघून कपाळावर हात मारून घेतला.

व्हायचं तेच झालं. हलक्या होड्या निघून गेल्या आणि सीताबाईची जुनी, जड होडी वळणावर चिखलात रुतली. लूमवाल्या पोरांनी मागे वळून हाक मारली, "चाची, रस्सी फेकूं क्या?"

भाविकाने हात वर केला. सीताबाईने तो खाली ओढला. "नको बेटा, आगे जाओ. हमारा हम देखता."

मग चौघी मिशावाले चिखलात उतरले. ठकुबाईने हळदीचं गाणं धरलं आणि त्या ठेक्यावर होडी इंचाइंचाने सरकू लागली. पुलावरची माणसं शिट्ट्या मारत होती. गुडघ्याएवढ्या गाळात सीताबाईला इतकं बरं वाटत होतं की तिला हसू आवरेना.

येणार नाही म्हणणारा हिरामण घाटावर सगळ्यांच्या मागे उभा होता. होडी जवळ आली. भाविकाने खुंटाकडे दोर फेकला, तो पाण्यात पडला. जन्मभर होडी आली की दोर झेललेला तो माणूस. पँटसकट पाण्यात कधी उतरला ते त्यालाही कळलं नाही. दोर हातात घेतला तोच सीताबाई गरजली.

"सोडा तो. अट तुमचीच हाय."

हिरामणने दोर सोडला. होडी त्याच्या बाजूने सरकत आपली आपण पायरीला टेकली. राहीबाईने उडी मारून ती बांधली.

ढाबेवाला काठावर आलाच होता. "काका, संध्याकाळी टेम्पो पाठवू ना?"

"नको. होडी हिची हाय," हिरामण म्हणाला. पण तो पाण्याबाहेर येईना. ओल्या फळीवर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या फेरीला मना घेशील?"

सीताबाईने फळीवरच्या त्याच्या हाताकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याने होडीला हात लावला नव्हता. पण आवाज तिने सुकाणूवाल्याचाच ठेवला.

"वल्ह्यावर बसाल तर या. सुकाणू माज्याकडं राहील."

हिरामण होडीत चढला आणि मुकाट्याने वल्ह्यापाशी जाऊन बसला.