नवतारिणीचं निळं पाणी

सभागृहातले दिवे मालवले आणि व्यासपीठावरची काचेची टाकी निळीशार उजळली. अख्खी गर्दी उठून उभी राहिली. कुणी हात जोडले, कुणी हुंदके देऊ लागलं.

"पाहा!" तारकमहाराज गरजले. "लांब कुठे तारा फुटला, त्याचे कण पृथ्वी भेदून या पाण्यात उतरले! शास्त्रज्ञ ज्याला न्यूट्रिनो म्हणतात, ती मुळात आपली नवतारिणी! चमचाभर घ्या, व्याधी आरपार निघून जाईल!"

गर्दीत दोघी बहिणी होत्या; त्यांतल्या धाकटीच्या कपाळाला आठी पडली. फुटणाऱ्या ताऱ्यांतून न्यूट्रिनो कसे निसटतात, याची गणितं संगणकावर मांडणं हेच तिचं काम. इथे ती आली होती थोरल्या बहिणीपायी. ताईला लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या. हे पाणी सुरू झालं, गोळ्या सुटल्या, आणि परवा ताई पेटत्या शेगडीशेजारी कोसळली. 'शरीर शुद्ध होतंय,' असं महाराजांनी सांगितलं आणि ताईला ते पटलंही.

"ताई, हे थोतांड आहे गं."

"तूच म्हणायचीस ना, ते कण आपल्या अंगातून सारखे जातात?"

"जातात, पण अडकत नाहीत. शेजारच्या आकाशगंगेत तारा फुटला, तेव्हा जमिनीखालच्या अजस्र टाक्यांतसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडले. त्यांची चमक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही."

"तुमचं सगळं संगणकात. इथे डोळ्यांदेखत दिसतंय!"

इथे गणित कामाचं नव्हतं. धाकटी आजूबाजूला निरखून बघू लागली. महाराज हसले, तर त्यांचे दातही निळसर चमकले. पुढच्या रांगेतले पांढरे सदरेसुद्धा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

चमच्यासाठी रांग लागली. तिची पाळी आली.

"महाराज, हे कण डोंगर भेदतात?"

"डोंगर काय, अख्खी पृथ्वी, बेटा!"

"मग माझ्या कोटातूनही सहज जातील!" तिने अंगातला जाड कोट काढून टाकीच्या वर आडवा धरला. पाणी विझलं. कोट बाजूला, पाणी उजळलं. पुन्हा आडवा, पुन्हा अंधार.

"अश्रद्धेने नवतारिणी रुसते!" महाराजांचा आवाज चिरकला.

"मग मी कोट बाजूला केल्यावर लगेच हसते कशी?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्याने दिवे लावले. टाकीच्या वर, कापडी झालरीआड, नोटा तपासायच्या दिव्यासारखी एक लांबलचक जांभळी नळी होती. धाकटीने पाण्याचा थेंब जिभेवर टेकवला. कडूजहर.

"क्विनीन, मलेरियावरचं जुनं कडू औषध," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "या दिव्याखाली ते निळं चमकतं. धुण्याच्या पावडरीतल्या उजळवणाऱ्या द्रव्यामुळे कपडे चमकतात, दात तर आपसूकच. ताऱ्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही."

बाहेर पायरीवर ताई बसली. "गोळ्यांशिवाय जगता येईल, एवढंच वाटलं गं मला."

धाकटीने तिचा हात हातात घेतला. "आमचीही गणितं चुकतात, ताई. म्हणून काय दिसलं तर आपण चुकलो, हे आम्ही आधीच ठरवतो. त्या महाराजाला कधी विचारलंस असं?"

"विचारलं होतं. म्हणाला, शंका घेणं पाप."

"तेव्हाच उठून यायचं होतंस."

ताईने डोळे पुसले आणि डॉक्टरांना फोन लावला.

आकाशातल्या ताऱ्यांबद्दल सगळ्यांनाच सगळं कळायला हवं असं नाही. पण ज्याला प्रश्न विचारलेला खपत नाही, त्याच्या चमच्यापुढे तोंड उघडू नका.